एनिअ‍ॅकचा १९५० चा हवामान अंदाज आज लॅपटॉपवर पुन्हा काढायचा तर नेमकं काय काय लागेल?

समदाबरेषा

मार्च १९५० मध्ये अमेरिकेत मेरीलँडमधल्या अ‍ॅबरडीन प्रूव्हिंग ग्राउंडवर एनिअ‍ॅक या संगणकाने पहिले हवामान अंदाज काढले. रविवार, ५ मार्चला दुपारी १२ वाजता काम सुरू झालं आणि ३३ दिवस रात्रंदिवस चाललं. हाती आले २४ तासांचे चार अंदाज, तेही वर्षभर जुन्या तारखांचे: १९४९ च्या ५, ३० आणि ३१ जानेवारीचे आणि १३ फेब्रुवारीचा. चार्नी, फ्योर्टोफ्ट आणि फॉन नॉयमन यांचा शोधनिबंध त्याच वर्षी नोव्हेंबरात 'टेलस'मध्ये छापून आला.

हेच गणित पायथनमध्ये, शक्य तितकं मूळ पद्धतीने, परत करायचं आहे. तीन प्रश्न:

१. समीकरण, ग्रिड, वेळेची पायरी आणि कडांवरच्या अटी नेमक्या काय होत्या?
२. रिचर्डसनने १९२२ च्या पुस्तकात हवामानाचं असंच गणित हाताने केलं, त्यात हवेच्या दाबात ६ तासांत १४५ मिलिबारचा फरक आला होता. एनिअ‍ॅकवाल्यांचं तसं का झालं नाही?
३. २४ तासांच्या अंदाजाला जवळपास २४ तासच लागत होते. हा वेळ गेला कुठे?

'गुगल कर' म्हणणाऱ्यांना आगाऊ नमस्कार.

खारे_वारे

गुगल कर. नमस्कार पोचला.

झेड५००

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. समीकरण एकच: ५०० मिलिबारच्या पातळीवरचं बॅरोट्रॉपिक व्हॉर्टिसिटी समीकरण (बॅरोट्रॉपिक म्हणजे वातावरण एकाच थराचं धरणं, व्हॉर्टिसिटी म्हणजे हवेचं स्वतःभोवती फिरणं). हवेच्या कणाची स्वतःची व्हॉर्टिसिटी अधिक पृथ्वीच्या फिरण्यातून आलेली व्हॉर्टिसिटी, ही बेरीज कणाबरोबर वाहते आणि बदलत नाही, एवढंच ते सांगतं. तापमान नाही, आर्द्रता नाही, पाऊस नाही, डोंगर नाहीत. अज्ञात राशी एकच, ५०० मिलिबारची उंची, म्हणजे हवेचा दाब ५०० मिलिबार असतो ती उंची.

ग्रिड १९ गुणिले १६, म्हणजे ३०४ बिंदू. ध्रुवीय स्टीरिओग्राफिक नकाशावर चौरस जाळी. दोन बिंदूंमधलं अंतर उत्तर ध्रुवाशी ७३६ किमी आणि २० अंश उत्तरेला ४९४ किमी. हा फरक नकाशाच्या गुणकाचा आहे: २ भागिले (१ अधिक अक्षांशाचा साइन). २० अंशांवर तो १.४९ येतो, ७३६ ला त्याने भागा, ४९४ मिळतात. ४५ अंशांवर अंतर साधारण ६२८ किमी. जाळीत उत्तर अमेरिका, उत्तर अटलांटिक, युरोपचा काही भाग आणि पॅसिफिकचा तुकडा येतो.

एका पायरीचा क्रम असा:
उंचीच्या क्षेत्राचा पाच बिंदूंचा लाप्लासियन (बिंदूची उंची चार शेजाऱ्यांच्या सरासरीहून किती वेगळी त्याचं माप) काढा. त्याला गुरुत्वत्वरण गुणिले गुणकाचा वर्ग भागिले कोरिऑलिस गुणांक (पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम सांगणारा), एवढ्याने गुणा आणि त्यात कोरिऑलिस गुणांक मिळवा. या बेरजेचा आणि उंचीचा जॅकोबियन (वारा ती बेरीज किती वाहून नेतो ते) काढा. हा झाला लाप्लासियनचा बदलाचा दर. पॉइसाँ समीकरण (लाप्लासियनवरून मूळ राशी देणारं) सोडवून त्यातून उंचीच्या बदलाचा दर काढा. मग पुढची वेळ.

पहिली पायरी साधी पुढची, नंतर सगळ्या लीपफ्रॉग, म्हणजे मागच्या वेळेपासून आत्ताच्या दराने दोन पायऱ्यांची उडी.

कडांवर उंची २४ तास गोठवलेली. व्हॉर्टिसिटीसाठी वेगळी अट: वारा जिथून आत येतो त्या कडेवर ती स्थिर ठेवायची, जिथून बाहेर जातो तिथे आतल्या बिंदूंवरून सरळ रेषेत वाढवून घ्यायची. सगळ्या कडांवर दोन्ही गोष्टी गोठवल्या तर बाहेर जाणारी लाट कडेला आपटून परत येते आणि काही तासांत कडेजवळ उभे-आडवे पट्टे दिसायला लागतात.

आडवा_छेद

पॉइसाँसाठी एक पुरवणी. हाताने गणित करणारे लोक रिलॅक्सेशन वापरायचे, म्हणजे पुन्हा पुन्हा सुधारत जायचं. किती फेऱ्या लागतील ते आधी कळत नाही, म्हणून फॉन नॉयमनने एनिअ‍ॅकसाठी थेट पद्धत घेतली: साइनच्या श्रेणीत रूपांतर, भागाकार, उलटं रूपांतर. आज तुम्हाला साय-पायमधला साइन ट्रान्सफॉर्म प्रकार १ लागेल. कडेवर दर शून्य आहे, म्हणून आतले १७ गुणिले १४ म्हणजे २३८ बिंदूच त्यात घाला, अख्खे ३०४ नाहीत.

हमखास चूक होते ती भागाकारात. पुस्तकातलं सूत्र पाहून लोक तरंगसंख्येच्या वर्गाने भागतात. तुमचा लाप्लासियन पाच बिंदूंचा आहे, तेव्हा त्याचीच आयगेन मूल्यं घ्यायची: दोन्ही दिशांसाठी अर्ध्या कोनाच्या साइनच्या वर्गाची उणे चारपट, त्यांची बेरीज, भागिले जाळीच्या अंतराचा वर्ग. नाहीतर उंचीवरून काढलेला लाप्लासियन आणि वेळेत पुढे नेलेला लाप्लासियन हळूहळू एकमेकांपासून सुटतात. पहिल्या सहा तासांत काही दिसत नाही, म्हणून ही चूक जास्त वाईट.

तपासायचं कसं: कुठलंही क्षेत्र घ्या, कडेवर शून्य करा, लाप्लासियन काढा, सोडवा, मूळ क्षेत्राशी फरक बघा. दुहेरी अचूकतेच्या आकड्यांत तो दहा-बारा दशांश स्थळांपलीकडे गेला पाहिजे.

पंचकार्ड_पाटील

तिसरा प्रश्न माझ्या आवडीचा.

एनिअ‍ॅकमध्ये साधारण १८,००० व्हॉल्व होते, वजन ३० टन, आणि कामाची लिहिता येईल अशी स्मृती किती? वीस अ‍ॅक्युम्युलेटर, प्रत्येकात दहा अंकी एक संख्या. वीस संख्या, बस. ३०४ बिंदूंचं एक क्षेत्रसुद्धा त्यात मावत नाही. मग क्षेत्र ठेवायचं कुठे? पंचकार्डांवर.

म्हणून वेळेची प्रत्येक पायरी म्हणजे १६ टप्पे होते. त्यातले ६ एनिअ‍ॅकचं अंकगणित आणि १० टप्पे यंत्राबाहेर: कार्डांची नक्कल काढणं, दोन गठ्ठे एकत्र लावणं, वर्गवारी करणं. जॅकोबियनला शेजारचे बिंदू लागतात आणि शेजारचा बिंदू म्हणजे गठ्ठ्यात भलतीकडे पडलेलं कार्ड. ओळींनुसार लावलेला गठ्ठा स्तंभांनुसार लावून परत आत घालायचा.

हिशेब करून बघा. चारही अंदाजांत मिळून सुमारे दहा लाख गुणाकार-भागाकार झाले आणि सुमारे एक लाख कार्डं लागली. एनिअ‍ॅकचा दहा अंकी गुणाकार २.८ मिलिसेकंदांचा. दहा लाख गुणिले २.८ मिलिसेकंद म्हणजे पाऊण तासाच्या आसपास. भागाकार त्याहून सावकाश होतो हे धरलं, शिवाय १९४८ नंतर यंत्र फंक्शन टेबलवर लावलेल्या आज्ञावलीने चालायचं आणि त्यामुळे ते मूळ वेगाहून बरंच मंद झालं होतं हेही धरलं, तरी ३३ दिवस भरत नाहीत. कार्ड पाडणारं यंत्र मिनिटाला शंभरेक कार्डं पाडायचं. एका बिंदूला एक कार्ड धरा, एक क्षेत्र बाहेर काढायला तीन मिनिटं. ते क्षेत्र वाचायला जवळपास तेवढीच. मग नक्कल, वर्गवारी, मग पुढचा टप्पा. एका अंदाजाला अशी २५,००० कार्डं.

कोकणकडा

म्हणजे कार्डांचा गठ्ठा जमिनीवर पडला की हवामान बदललं म्हणायचं.

पंचकार्ड_पाटील

@कोकणकडा, खिक्. म्हणूनच कार्डावर क्रमांकाचे स्तंभ राखून ठेवायची पद्धत होती. पडला तरी वर्गवारी यंत्रातून एकेका स्तंभावर फिरवून परत लावता येतो. क्रमांक तीन अंकी असेल तर गठ्ठा तीनदा फिरवायचा, आधी एकक, मग दशक, मग शतक. उलट्या क्रमाने फिरवलात तर पुन्हा पहिल्यापासून.

ऊन_सावली_ताई

यात क्लारा फॉन नॉयमनचं नाव यायला हवं. एनिअ‍ॅकसाठी संकेत कसे लिहायचे हे हवामानवाल्यांना तिने शिकवलं आणि अंतिम आज्ञावली तपासली. निबंधात तिचे आभार मानले आहेत, लेखकांत नाव नाही. शिवाय ही आज्ञावली कळफलकावर टंकायची नव्हती, फंक्शन टेबलच्या फळ्यांवरच्या गोल बटणांनी एकेक अंक फिरवून लावायची होती. तीन टेबलं, प्रत्येकात १०४ ओळी. एक बटण एक घर पुढे सरकलं तर यंत्र तक्रार न करता भलतंच गणित करणार.

आणि अंक स्थिर बिंदूचे. दशांश चिन्ह कुठे आहे ते यंत्राला माहीत नाही, माणसाने मनात धरायचं. उंची साडेपाच हजार मीटर, तिचा लाप्लासियन अगदी बारीक, जॅकोबियन त्याहून वेगळ्या मापाचा. प्रत्येक राशीला आधीच दहाच्या योग्य घाताने गुणून ठेवायचं. मोजमाप मोठं धरलं तर डावीकडचे अंक उतू जातात, लहान धरलं तर उजवीकडचे अंक गळतात. समदाबरेषा, 'तंतोतंत' करायचं म्हणत असाल तर हेही करा. नमपायमधले पूर्णांक वापरून दहा अंकांत बसवून दाखवा.

समदाबरेषा

ताई, 'शक्य तितकं मूळ' असं लिहिलंय मी, अंगावर येऊ नका. :) पण कल्पना भारी आहे. आधी साध्या दशांशात चालवतो.

दुसऱ्या प्रश्नाला कोणी हातच लावला नाही.

सह्यवारा

दुसरं सोपं आहे. रिचर्डसनची वेळेची पायरी फार मोठी होती. वेळेची पायरी किती लहान हवी ते सांगणारी कूरांट-फ्रीडरिक्स-लेवी अट १९२८ ची, त्याचं पुस्तक १९२२ चं. त्याला ती अट ठाऊक असणं शक्यच नव्हतं. म्हणून गणित फुटलं.

झेड५००

@सह्यवारा, हे सगळीकडे लिहिलेलं असतं आणि चूक आहे. अट मोडली तर गणित फुटतं ते पायरीमागून पायरी चुका वाढत गेल्यावर. रिचर्डसनने वेळेत पुढे चालत जाणं केलंच नाही. त्याने २० मे १९१० च्या सकाळच्या नोंदी घेतल्या, बदलाचा दर एकदाच काढला आणि तो ६ तासांना लावला. एका पायरीत अस्थिरता वाढायला जागाच नसते. तो पुढे गेला असता तर अटीने त्याला गाठलं असतं, ते खरं.

१४५ मिलिबार आले ते सुरुवातीच्या वाऱ्यांमुळे. जमिनीवरचा दाब म्हणजे डोक्यावरच्या हवेचं वजन, आणि ते बदलतं हवा एकत्र येते की पांगते त्यावरून. दोनशे किलोमीटरवर वाऱ्यात सेकंदाला २ मीटरची चूक धरा. पांगण्याचा दर सेकंदाला एक लक्षांश इतका चुकला. ही चूक संपूर्ण स्तंभात असेल तर १००० मिलिबार गुणिले एक लक्षांश गुणिले २१,६०० सेकंद म्हणजे २१६ मिलिबार. प्रत्यक्षात वरच्या आणि खालच्या थरांतलं पांगणं एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतं. १९१० च्या फुगे-पतंगांच्या नोंदींत ते पुसलं जाणं शक्य नव्हतं.

सह्यवारा

पटलं. पण मग त्याच नोंदी घेऊन आज गणित केलं तरी तेच येणार?

झेड५००

तेच येतं. आयर्लंडच्या पीटर लिंच यांनी ते करून पाहिलंय. रिचर्डसनचेच आकडे घेतले तर पुन्हा १४५ च्या आसपास. मात्र सुरुवातीची क्षेत्रं आधी डिजिटल फिल्टरमधून काढून वेगवान गुरुत्व तरंग गाळले, तर ६ तासांचा बदल मिलिबारभराच्याही आत येतो. त्या दिवशीचा खरा दाबही जवळपास स्थिरच होता. म्हणजे रिचर्डसनची समीकरणं आणि त्याचं हाताचं गणित भक्कम होतं.

चार्नीने उलट वाट धरली. आकडे गाळण्याऐवजी समीकरणच असं घेतलं की त्यात गुरुत्व तरंग संभवतच नाहीत. त्यात वारा उंचीवरूनच काढला जातो, वेगळा मोजलेला वारा लागतच नाही. पांगण्याची भानगड मुळातच गेली.

याचा दुसरा फायदा वेळेच्या पायरीत. गुरुत्व तरंगांचा वेग सेकंदाला ३०० मीटरच्या घरात. दोन मितींतल्या लीपफ्रॉगला पायरी असावी लागते अंतर भागिले (वेग गुणिले दोनाचं वर्गमूळ) याहून कमी. ५०० किमीला ही मर्यादा २० मिनिटांच्या जरा आत येते. तरंग काढून टाकले की उरतो वारा. जेट प्रवाहातला सेकंदाला ५० मीटर धरला तरी मर्यादा दोन तासांना लागते. एनिअ‍ॅकवर १, २ आणि ३ तासांच्या पायऱ्या वापरल्या गेल्या त्या या आधारावर. २० मिनिटांची पायरी लागली असती तर पाटलांचे कार्डांचे गठ्ठे तिपटीहून जास्त झाले असते.

आडवा_छेद

झेड५०० यांना +१. फक्त ३ तासांची पायरी सगळ्या दिवसांना चालेल असं समजू नका. जिथे जेट जोरात आहे आणि जाळी दक्षिणेकडे दाट होतेय, तिथे आधी फुटतं. चिन्ह ओळखीचं असतं: एक आड एक बिंदूवर अधिक-उणे. ते दिसलं की पायरी कमी करा, गाळण्या लावत बसू नका.

खडूस_निरीक्षक

सगळे आरत्या ओवाळताहेत, म्हणून विचारतो. अंदाज बरोबर आले का? ५ जानेवारीचा तर साफ फसला होता. २४ तासांच्या अंदाजाला २४ तास लागले, तोवर ते हवामान खिडकीबाहेर येऊन गेलेलं असणार. याला यश म्हणायचं तर आमच्या गल्लीतला ज्योतिषीही यशस्वी.

ऊन_सावली_ताई

फसला हे लेखकांनी स्वतःच लिहिलंय, लपवलेलं नाही. ३१ जानेवारीचा मात्र आश्चर्यकारक बरा आला: पश्चिम युरोपवरचा वारा वळणं आणि द्रोणीचं (कमी दाबाच्या लांबट पट्ट्याचं) भूमध्य समुद्राकडे लांबणं हे दोन्ही गणितात आलं. थंड-उष्ण हवेची टक्कर ज्याला माहीतच नाही अशा एका थराच्या समीकरणाकडून एवढं मिळणं कमी नाही.

झेड५००

फसण्याची कारणंही मोजता येतात. मधल्या फरकाच्या पद्धतीत लाट खऱ्या वेगाने सरकत नाही, मागे पडते. तरंगलांबी जाळीच्या चौपट असेल तर वेग खऱ्याच्या ६४ टक्के. सहापट असेल तर ८३ टक्के. दहापट असेल तर ९४ टक्के. दुप्पट असेल तर लाट जागची हलतच नाही. ४५ अंशांवर जाळी ६२८ किमी, म्हणजे अडीच हजार किलोमीटरची लाट एक तृतीयांशाहून जास्त वेग गमावून बसते. छोटी, जोरकस द्रोणी असलेला दिवस या जाळीवर फसणारच. जाळी भरड असल्यामुळे पडणारी ही चूक लेखकांनीही नोंदवली आहे.

दुसरं कारण समीकरणातच आहे. बॅरोट्रॉपिक हवेत वादळ सरकू शकतं, पण तापमानातल्या फरकातून ऊर्जा घेऊन नव्याने वाढू शकत नाही. ज्या दिवशी नवं वादळ जन्मत होतं तो दिवस या मॉडेलचा नव्हेच.

खडूस_निरीक्षक

ठीक आहे, ज्योतिषी मागे घेतो. मात्र रोजच्या वापराला हे कधी आलं तेही लिहा. नाहीतर लोक समजतील की १९५० पासून टीव्हीवर अंदाज सुरू झाले.

आडवा_छेद

रोजच्या वापरात आधी स्वीडन आलं, १९५४ च्या शेवटी, रॉसबीच्या गटाने बेस्क या संगणकावर. अमेरिकेत मे १९५५ पासून आयबीएम ७०१ वर. गंमत अशी की अमेरिकेने थेट तीन पातळ्यांचं मॉडेल लावलं, ते माणसाने हाताने काढलेल्या नकाशांपुढे टिकलं नाही आणि काही वर्षं परत एका थराच्या बॅरोट्रॉपिकवर यावं लागलं. तिथे नवाच त्रास निघाला. अख्ख्या गोलार्धावर चालवलं की फार लांब लाटा, पृथ्वीला एक-दोन-तीन वळशांच्या, भराभर पश्चिमेकडे पळायच्या. रॉसबीच्या सूत्रात लाट जितकी लांब तितका मागे जाण्याचा जोर जास्त, आणि वर झाकण नसलेल्या खऱ्या वातावरणात हा जोर कमी होतो ते समीकरणाला ठाऊक नव्हतं. १९५८ मध्ये क्रेसमनने पॉइसाँ समीकरणात एक पद वाढवून त्यांना लगाम घातला.

समदाबरेषा, १९ गुणिले १६ च्या जाळीवर हा त्रास फारसा दिसणार नाही, कडाच गोठलेल्या आहेत. पुढे कधी अख्खा गोलार्ध घेतलात तर आठवण ठेवा.

कोकणकडा

अवांतर: हे सगळं आपल्या मान्सूनवर चालवलं तर?

सह्यवारा

नाही चालणार. ४५ अंशांवर कोरिऑलिस गुणांक सेकंदाला १०.३ लक्षांशांच्या आसपास. मुंबईच्या १९ अंशांवर ४.७. निम्म्याहून कमी. उंचीवरून वारा काढायचा तर याच आकड्याने भागायचं असतं, त्यामुळे उंचीतली बारीक चूक वाऱ्यात दुपटीहून मोठी होते. विषुववृत्ताशी भाजक शून्यच. वर मान्सूनची ऊर्जा येते वाफेचं पाणी होताना सुटणाऱ्या उष्णतेतून आणि या समीकरणात वाफच नाही.

पंचकार्ड_पाटील

मान्सूनचा विषय निघालाच आहे तर कुलाब्याचा उल्लेख हवाच. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या काळात, १९६३ ते ६५, मुंबईला कुलाब्यात आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र होतं आणि तिथे आयबीएम १६२० आला होता. या यंत्राची स्मृती २०,००० दशमान अंकांची. एनिअ‍ॅकचं गणित यात बसतं का ते बघा: ३०४ बिंदू, प्रत्येकी ६ अंक, तीन क्षेत्रं म्हणजे ५,४७२ अंक. आरामात. तेरा वर्षांत एक लाख कार्डांचं काम गाभ्याच्या स्मृतीत आलं.

१६२० ची खासियत म्हणजे त्याच्या पहिल्या आवृत्तीत बेरीज करणारं सर्किटच नव्हतं. बेरजेचे पाढे स्मृतीतल्या ठराविक जागी भरलेले असायचे आणि यंत्र तिथे बघून उत्तर द्यायचं. त्या जागेवर चुकून दुसरं काही लिहिलं गेलं की दोन आणि दोन काहीही. अमेरिकेत त्याला 'कॅडेट' म्हणायचे: 'बेरीज येत नाही, प्रयत्नही करत नाही' या अर्थाच्या इंग्रजी वाक्याची आद्याक्षरं.

खारे_वारे

आमच्या हापिसातही असे दोन कॅडेट आहेत.

ऊन_सावली_ताई

मान्सूनवरचे पहिले मोठे संगणकी प्रयोग प्रिन्स्टनच्या जीएफडीएल या प्रयोगशाळेत झाले. १९७५ मध्ये हान आणि मनाबे यांनी एकच मॉडेल दोनदा चालवलं, एकदा डोंगर ठेवून, एकदा सपाट करून, आणि तिबेट-हिमालय काढले की दक्षिण आशियाचा मान्सून कसा बिघडतो ते दाखवलं. त्याच वर्षी जगदीश शुक्ल यांनी तिथलंच मॉडेल वापरून अरबी समुद्र थंड केला तर भारतावरचा पाऊस घटतो हे दाखवलं. शुक्ल आधी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत होते. ती संस्था १९६२ ची.

आणि मनाबे म्हटलं की हवामान बदल आलाच. १९६७ चा मनाबे-वेदराल्ड यांचा निबंध हा एनिअ‍ॅकपेक्षाही घरी करून बघायला सोपा आहे. एकच उभा स्तंभ. प्रत्येक थरात किरणोत्सर्गाने किती तापलं-निवलं ते काढा. तापमान उंचीबरोबर किलोमीटरला ६.५ अंशांहून जास्त घटत असेल तर ऊर्जा जपून ते ६.५ वर आणा. समतोल येईपर्यंत शेकडो दिवस पुढे चालवा. कार्बन डायऑक्साइड ३०० वरून ६०० केला की पृष्ठभाग २.३६ अंशांनी तापतो, पण सापेक्ष आर्द्रता स्थिर धरली तर. वाफेचं प्रत्यक्ष प्रमाणच गोठवलं तर फक्त १.३३. आणि स्ट्रॅटोस्फिअर दोन्हीत निवतो.

घरी करताना घात होतो तो किरणोत्सर्गाच्या भागात. 'राखाडी वातावरण' धरून एकच शोषणांक घेतला तर पृष्ठभागाचा आकडा जुळवून आणता येतो, स्ट्रॅटोस्फिअरचं निवणं मात्र नीट येत नाही. त्यासाठी कार्बन डायऑक्साइड, वाफ आणि ओझोन यांचे पट्टे वेगवेगळे घ्यावे लागतात.

खडूस_निरीक्षक

धागा एनिअ‍ॅकचा, ताई पोचल्या मनाबेंच्या नोबेलपर्यंत. १९५६ चा फिलिप्स मधेच राहिला.

आडवा_छेद

राहिला खरा. फिलिप्सचं दोन थरांचं मॉडेल, प्रिन्स्टनच्या आयएएस संगणकावर, ४० बिटांचे १,०२४ शब्द एवढ्या मुख्य स्मृतीत. म्हणजे ५ किलोबाइट. त्याने खरं हवामान घातलंच नाही. स्थिर हवा घेतली, दक्षिणेकडे तापवली, उत्तरेकडे निववली, १३० दिवस तशीच मुरवली, मग यादृच्छिक धक्का दिला. वादळं आपोआप उभी राहिली, जेट तयार झाला, वाऱ्यांचे पट्टे जागेवर आले. महिनाभराने सगळं विस्कटलं.

या विस्कटण्याचं कारण त्यानेच १९५९ मध्ये सांगितलं. दोन लाटांचा गुणाकार झाला की त्याहून आखूड लाट जन्मते. ती जाळीत मावत नसेल तर नाहीशी होत नाही, वेषांतर करून लांब लाट म्हणून परत येते आणि ऊर्जा खोटी वाढवत जाते. यावर वेळेची पायरी लहान करून उपाय होत नाही, हे महत्त्वाचं. अराकावाने १९६६ मध्ये जॅकोबियनच वेगळा लिहिला: तीन प्रकारे लिहिलेल्या जॅकोबियनची सरासरी, म्हणजे ऊर्जा आणि व्हॉर्टिसिटीच्या वर्गाची बेरीज दोन्ही जपली जातात.

एनिअ‍ॅकचे २४ तास एवढे थोडे आहेत की ही भानगड वर येत नाही. मूळ अंदाज परत करायचा तर साधा जॅकोबियन ठेवा. शंका असेल तर तोच प्रयोग ३० दिवस चालवून दोन्ही जॅकोबियनमधला फरक बघा, फुकट करमणूक.

समदाबरेषा

सगळ्यांना दंडवत. आता आकड्यांबद्दल. त्यांनी वेदर ब्यूरोचे हाताने काढलेले नकाशे घेऊन प्रत्येक बिंदूवरची उंची डोळ्यांनी वाचली होती. माझ्याकडे ते नकाशे नाहीत. कुठून घेऊ?

झेड५००

एनसीईपी-एनसीएआरचं पुनर्विश्लेषण (जुन्या नोंदी एकाच मॉडेलमध्ये घालून पुन्हा काढलेली क्षेत्रं) १९४८ पासून आहे, म्हणजे चारही तारखा त्यात मिळतात. लिंच यांनीही तेच वापरलं. अडीच अंशांची जाळी, ५०० ची उंची उतरवून घ्या. त्रास कुठे होतो ते सांगतो.

अक्षांश त्या फाइलमध्ये ९० पासून उणे ९० कडे उतरत जातात. चढते समजून वाचलंत तर दक्षिण गोलार्ध उत्तरेच्या कोरिऑलिसबरोबर चालेल. नकाशा पाहिला तरी लगेच लक्षात येत नाही, लाटा मात्र विचित्र सरकतात.

रेखांश ० ते ३५७.५. युरोपजवळ तुमची जाळी शून्य रेखांश ओलांडते. मधे शिवण घातली नाही तर तिथे आकडे मिळणार नाहीत किंवा भलतेच मिळतील. ३६० चा एक जादा स्तंभ जोडा.

वेळ. मूळ नकाशे ग्रीनिचच्या ३ वाजताचे आहेत. त्या काळात फुगे ३ आणि १५ वाजता सोडायचे, १९५७ नंतर ० आणि १२ झालं. पुनर्विश्लेषणाच्या रोजच्या फायली ०, ६, १२, १८ च्या. ० आणि ६ ची सरासरी काढा किंवा सरळ ० घ्या, पण शेवटी ताडून पाहताना बरोबर २४ तासांनंतरचीच घ्या. पहिल्या दशकाच्या या आकड्यांवर नंतरच्याइतका भरवसा नाही, त्याला हे तीन तासांचं अंतर आणि विरळ केंद्रं ही दोन्ही कारणं आहेत.

पंचकार्ड_पाटील

आणि नकाशा छान दिसतोय म्हणून खूश होऊ नका, गुण द्या. टेवेल्स-वोबस यांचा एस-१ गुणांक काढा: शेजारच्या बिंदूंमधल्या उतारातली चूक भागिले उताराची मोठी बाजू, गुणिले १००. ५०० मिलिबारला ७० म्हणजे टाकाऊ, २० म्हणजे व्यवहारात परिपूर्ण. सोबत 'उद्या आजच्यासारखंच' या अंदाजाचा एस-१ काढा. त्याला हरवलं तरच मॉडेल.

कोकणकडा

वेळ किती लागेल लॅपटॉपवर?

झेड५००

लिंच यांनी २००८ मध्ये ते नोकिया ६३०० या मोबाइलवर चालवलं होतं, नाव ठेवलं फोनिअ‍ॅक. २४ तासांचा अंदाज एका सेकंदाच्या आत.

खडूस_निरीक्षक

म्हणजे आता फसायलाही एकच सेकंद.

आडवा_छेद

समदाबरेषा, सुरुवात ५ जानेवारीने करू नका. गणित बरोबर असूनही अंदाज चुकेल आणि तुम्ही नसलेली चूक आठवडाभर शोधत बसाल. आधी बनावट लाट: एकसारखा पश्चिमेचा वारा, एक साइन लाट, गुणक १ धरून. तिचा वेग वारा उणे बीटा (कोरिऑलिस गुणांक उत्तरेकडे वाढण्याचा दर) भागिले तरंगसंख्येचा वर्ग या सूत्राशी ताडा, वर दिलेल्या ६४-८३-९४ टक्क्यांच्या फरकाची सूट देऊन. ते जुळलं की ३१ जानेवारी घ्या, १ तासाची पायरी. मग २, मग ३. पाच तारीख सगळ्यात शेवटी.

समदाबरेषा

ठरलं, बनावट लाट आधी. ताईंचं दहा अंकी पूर्णांकांचं प्रकरण वेगळ्या धाग्यात काढतो.

खारे_वारे

त्या धाग्यावर आमच्या कॅडेटना पाठवतो.